मे महिन्यातली तीर्थन: ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग, पहिल्या गाठीपासून मासा सोडेपर्यंत

हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातल्या गुशैणी गावाच्या खालच्या अंगाला तीर्थन नदीत पहिल्यांदा उतरलो, तेव्हा थेट गुडघाभर पाण्यात चालत गेलो आणि पलीकडच्या काठाखालचा गडद डोह गाठायची धडपड करत राहिलो. दोन तासांत काहीच लागलं नाही. परत फिरताना मात्र काठालगतच्या वीतभर पाण्यातून, जिथून मी मघाशी चालत आत शिरलो होतो नेमक्या तिथूनच, एक ट्राउट बाणासारखा सुटला आणि धोंड्यांत दिसेनासा झाला. मी ज्याला शोधत होतो तो माझ्या पायाशी होता.

उन्हाळ्यात हिमालयातल्या नदीवर फ्लाय फिशिंग करायचं असेल तर सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा. फ्लाय, म्हणजे किड्यासारखा दिसणारा गळ, कुठली बांधली यापेक्षा किती वाजता उतरलात आणि काठाजवळचं पाणी कसं वाचलंत, याला जास्त किंमत आहे. मेच्या सुट्टीत मनालीला जाणारी मराठी कुटुंबं औटच्या बोगद्यातून पुढे निघून जातात. त्याच्या अलीकडे लारजीकडे वळणारा रस्ता तीर्थनच्या खोऱ्यात जातो. कोकणात गरी टाकलेल्या किंवा धरणावर गळ घेऊन बसलेल्या, पण फ्लाय रॉड कधी हातात न धरलेल्या माणसासाठी हा लेख आहे.

हा मासा इथे आला कुठून

तपकिरी ट्राउट मूळचा युरोपातला. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरला आणली आणि पुढे १९०९ मध्ये तो कुल्लूच्या नद्यांत पोचला. थंड, प्राणवायूने भरलेलं, दगडगोट्यांवरून खळाळणारं पाणी त्याला मानवलं आणि तो इथलाच झाला. आज तीर्थनमध्ये जो रानटी मासा लागतो तो बहुतेक वेळा हाच: सोनेरी तपकिरी अंग, त्यावर काळे आणि लाल ठिपके, ठिपक्यांभोवती फिकट कडं. अंगावर गुलाबी पट्टा असेल तर तो रेनबो ट्राउट. हॉटेलच्या ताटात येतो तो बहुधा तळ्यात वाढवलेला रेनबोच असतो. कुल्लूजवळ पतलीकुहलला नॉर्वेच्या मदतीने ट्राउट शेती उभी राहिली आणि तिथून ती खोऱ्याखोऱ्यात पसरली. खायचा असेल तर शेतीतला खा, नदीतला सोडा.

तीर्थन आजही मोकळी वाहते, यामागे माणसांची मेहनत आहे. माजी आमदार दिलाराम शबाब यांच्या पुढाकाराने इथल्या लोकांनी या नदीवर येऊ घातलेल्या जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध लढा दिला आणि नदी वाचवली. वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, त्याला २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शेजारच्या खोऱ्यांतल्या बांधलेल्या नद्या पाहून इथे आलं की फरक आपोआप कळतो.

केव्हा जायचं

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ. मार्च-एप्रिलमध्ये पाणी कमी आणि काचेसारखं. मेमध्ये बर्फ वितळायला लागतं आणि नदी फुगत जाते. जूनच्या उत्तरार्धात पावसाळा येतो, पाणी गढूळ आणि धोकादायक होतं. मग थेट सप्टेंबरच्या शेवटी नदी परत निवळते. ज्यांना सुट्टीचं बंधन नाही त्यांनी एप्रिल किंवा ऑक्टोबर धरावा. शाळेच्या सुट्टीवर अवलंबून असाल तर मेचे पहिले दोन आठवडे.

बर्फाच्या पाण्याला स्वतःचं घड्याळ असतं. दिवसभर वर ऊन तापतं, बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात. त्यामुळे संध्याकाळी नदी चढलेली आणि दुधट असते, तर रात्रीच्या थंडीत वितळणं मंदावल्यामुळे पहाटेपासून सकाळी दहापर्यंत ती सर्वांत कमी आणि स्वच्छ. म्हणून मेमध्ये मुख्य नदीवर साडेपाचला हजर राहा. न्याहारी नंतर. सकाळी साडेदहा-अकरानंतर मुख्य नदी सोडून बाजूच्या सावलीतल्या ओढ्यांकडे वळा. ढगाळ, गार दिवस आला तर मात्र दिवसभर नदी सोडू नका, त्या दिवशी वितळणं कमी असतं आणि किडेही जास्त वेळ पाण्यावर राहतात.

खिशात साधा पाण्याचा थर्मामीटर ठेवा. ८ अंशांच्या खाली मासा सुस्त असतो, तळाशी बसतो. १० ते १६ अंश म्हणजे उत्तम. १९ च्या वर गेलं तर गळ आवरा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंज देऊन थकलेला मासा सोडला तरी मरतो. तीर्थनच्या वरच्या भागात ही वेळ सहसा येत नाही. खालच्या भागात, कोरड्या वर्षी, लक्ष ठेवावं लागतं.

परवाना आणि परवानगी

राज्याच्या मत्स्य विभागाचा दिवसाचा परवाना लागतो. बंजार-नागिणी परिसरातल्या मत्स्य विभागाच्या कार्यालयात चौकशी करा. होमस्टेवाले सहसा मदत करतात. त्यावर किती मासे, किती लांबीचे आणि कुठल्या टप्प्यात, हे नियम असतात. ते तिथेच उभं राहून वाचा. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत हा परवाना पुरेसा समजू नका. तिथे वन्यजीव कायदा आहे, साई रोपाच्या उद्यान केंद्रात विचारूनच पुढे जा. काही डोह गावाच्या देवतेचे मानले जातात, तिथे मासा धरत नाहीत. काठावर शेतात कुणी असेल तर आधी "भाईजी, यहाँ मछली पकड़ सकते हैं?" एवढं विचारावं. मला आजवर नकार क्वचितच मिळाला आहे, आणि मिळाला तेव्हा पुढचा डोह दाखवला गेला.

पहिल्या दोन दिवसांसाठी स्थानिक वाटाड्या घ्या. एका सकाळी तो जितकं दाखवतो तितकं एकट्याने शिकायला एक पूर्ण सुट्टी जाते.

सामान

इथे एक मूळ फरक समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं काहीच नीट होत नाही. गरी टाकताना दोरीच्या टोकाला शिसं असतं, ते वजन दोरीला ओढत नेतं. फ्लायला जवळपास वजनच नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळलेला तो एक छोटा गळ. इथे जड असते ती दोरी, आणि फ्लाय तिच्यामागे फरफटत जाते. म्हणून रॉड, लाइन आणि तिचं वजन यांचा मेळ बसावा लागतो, आणि रॉडवर तो आकडा छापलेला असतो.

तीर्थनसाठी साडेआठ ते नऊ फुटी, चार किंवा पाच नंबरचा रॉड घ्या. त्याच नंबरची तरंगणारी लाइन. रील साधं चालतं, कारण या आकाराचा मासा हातानेच लाइन ओढून आणता येतो. लाइनच्या टोकाला नऊ फुटी लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा पारदर्शक दोरा, त्यापुढे फूट-दीड फूट टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक दोरा, फोर-एक्स किंवा फाइव्ह-एक्स जाडीचं. एक्सचा आकडा वाढतो तसा दोरा बारीक होतो, हे उलटं गणित सुरुवातीला सगळ्यांना चकवतं. गळाच्या नंबराचंही तसंच, १६ नंबरचा गळ १२ पेक्षा लहान.

फक्त लहान ओढ्यांवरच जायचं असेल तर जपानी तेनकारा रॉडचा विचार करा. त्याला रील नसतं, टोकाला बांधलेली ठरावीक लांबीची दोरी एवढंच. सामानाचं ओझं निम्म्यावर येतं आणि मुलांना तासाभरात जमतं.

पायात गमबूट नकोत, त्यात पाणी भरलं की पाय उचलत नाही. जुने, चांगल्या पकडीचे ट्रेकिंगचे बूट आणि लोकरी मोजे, चटकन वाळणारी पँट, हातात काठी. टोपी आणि पोलराइज्ड गॉगल कधीही विसरू नका. पाण्यावरची चमक कापली जाऊन तळ दिसतो हा एक फायदा, आणि उलटून आलेल्या गळापासून डोळा वाचतो हा दुसरा. बारीक चिमटा, रबरी जाळी, नखं कापायचं नेलकटर. एवढं पुरे.

निघण्याआधी मैदानावर पंधरा दिवस

नदीवर जाऊन फेक शिकायची नसते. घराजवळच्या मैदानावर, फ्लायच्या जागी लोकरीचा छोटा तुकडा बांधून, रोज वीस मिनिटं सराव करा.

लाइन समोर गवतावर सरळ पसरा, सात-आठ मीटर पुरे. रॉडचं टोक जमिनीजवळ. तिथून हळू सुरुवात करून वेग वाढवत रॉड मागे आणा आणि कानाच्या थोडं मागे, घड्याळातल्या एकच्या काट्याच्या जागी, एकदम थांबवा. हा थांबा म्हणजेच फेक. तो कडक बसला की लाइन मागे हवेत उलगडते. ती पूर्ण सरळ होईपर्यंत वाट बघा, पहिले काही दिवस मान वळवून बघायला हरकत नाही. मग तसंच पुढे, आणि दहाच्या जागी परत थांबा. घाई केली की चाबकासारखा आवाज येतो, म्हणजे लाइन उलगडायच्या आत तुम्ही ओढलीत. नदीवर हाच आवाज आला की फ्लाय तुटून गेली समजा. मनगट मोडू द्यायचं नाही. रॉडची मूठ बाहीत खोचून सराव केला तर मनगट आपोआप सरळ राहतं.

यासोबत रोल कास्ट शिका, कारण तीर्थनच्या काठावर मागे झाडं असतात आणि मागे लाइन न्यायला जागाच नसते. लाइन समोर पाण्यावर असताना रॉड सावकाश मागे आणा, लाइनचा झोळ खांद्यामागे लोंबू द्या, क्षणभर थांबा, आणि पुढे खिळा ठोकल्यासारखा झटका द्या. लाइन गुंडाळीसारखी उलगडत पुढे जाते. खरं सांगायचं तर तीर्थनवर मला निम्म्याहून अधिक मासे याच फेकीने लागले आहेत.

गाठही घरीच बोटांत बसवा. दोरा गळाच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढा. आवळण्याआधी थुंकीने ओलं करा, कारण कोरडा दोरा घासून तापतो आणि तिथेच तुटतो.

पाण्याजवळ गेल्यावर पहिली दहा मिनिटं

रॉड बाजूला ठेवा आणि एक दगड उलटा. काठाजवळचा, दोन हातात मावेल एवढा, प्रवाहातून उचललेला. ओल्या खालच्या बाजूला बघत राहिलं की तो दगड हळूहळू हलायला लागतो. चपटे, तीन शेपट्यांचे तपकिरी जीव खेकड्यासारखे आडवे सरकतात, ती मेफ्लाय या पाणकिड्याची पिल्लं. वाळूचे कण आणि काडीचे तुकडे चिकटवून केलेल्या, तांदळाएवढ्या नळ्या दिसतात, त्यांत कॅडिसच्या अळ्या राहतात. नळीच्या तोंडातून काळं डोकं बाहेर येतं आणि सावली पडली की आत जातं. मोठी, दोन शेपट्यांची, पिवळसर दिसली तर ती स्टोनफ्लाय. ट्राउटचं बहुतेक जेवण हेच असतं, पाण्याखाली. तुमच्या डबीतली जी फ्लाय आकाराने आणि रंगाने यांच्या सगळ्यात जवळ जाते, ती बांधा. दगड होता तसा परत ठेवा.

आता पाणी वाचा. ट्राउटला तीन गोष्टी हव्या असतात: कमी कष्टात उभं राहायची जागा, जवळून वाहत जाणारं अन्न, आणि लपायला आडोसा. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं तिथे पृष्ठभागावर एक रेघ दिसते, कधी तिच्यावर फेसाचे ठिपके तरंगत जातात. त्या रेघेच्या संथ बाजूला मासा असतो. मोठ्या धोंड्याच्या मागे तर असतोच, पण धोंड्याच्या पुढेही पाण्याची एक उशी तयार होते, तिथेही असतो, आणि ती जागा बहुतेक जण सोडून देतात. मेमध्ये नदी चढलेली असताना मधल्या धारेत उभं राहणं माशालाही परवडत नाही. तो काठाशी सरकतो, झाडांच्या मुळांखाली, धोंड्यांच्या फटीत, घोट्याएवढ्या पाण्यात. म्हणून पाण्यात पाय घालण्याआधी काठालगतच्या पट्ट्यात फ्लाय फेका. तीन मीटर, चार मीटर. त्यानंतरच आत जा.

ट्राउटचं तोंड नेहमी प्रवाहाकडे असतं. म्हणून खालून वर चालत जा, त्याच्या पाठीमागून. वाकून, सावली पाण्यावर पडू न देता, भडक कपडे न घालता.

कोणती फ्लाय, कशी बांधायची

उन्हाळ्यात माझी नव्वद टक्के मासेमारी एकाच मांडणीवर होते. वर तरंगणारी झुपकेदार फ्लाय, १२ किंवा १४ नंबरची एल्क हेअर कॅडिस. तिच्या गळाच्या वाकणाला फूट-दीड फूट टिपेट, आणि त्याच्या टोकाला जड मण्याची छोटी निम्फ, म्हणजे किड्याच्या पिल्लासारखी बुडणारी फ्लाय, फेझंट टेल किंवा हेअर्स इअर, १४ ते १६ नंबरची. वरची फ्लाय अन्नही असते आणि तरंगाही. ती अचानक थांबली, दचकली किंवा बुडाली की खाली काहीतरी घडलं.

पाणी दुधट झालं तर बारीकसारीक नक्कल कामाची नाही. वूली बगर नावाची काळी किंवा गडद हिरवी बुडणारी फ्लाय, आठ किंवा दहा नंबरची, काठालगत खोल जाऊ द्या आणि हलक्या झटक्यांनी ओढा. दुपारी वारा सुटला की गवतातले मुंगळे, भुंगे, नाकतोडे पाण्यात पडतात. तेव्हा काळा फोमचा भुंगा काठावरच्या गवताच्या अगदी लगत टाका, थोडा आवाज होऊन पडला तरी चालेल.

फेक, वाहणं, खेच

रेघेच्या दोन-तीन हात वर फ्लाय पडू द्या आणि ती पाण्याच्याच वेगाने वाहत येऊ द्या. इथेच बहुतेकांची गाडी अडते. तुमच्या आणि फ्लायच्या मधली धार जास्त वेगाची असेल तर ती लाइनचं पोट, म्हणजे मधला भाग, ओढून नेते, आणि फ्लाय पाण्यावर नांगरासारखी रेघ काढत पळते. असा पळणारा किडा ट्राउटला सहसा खोटा वाटतो. उपाय सोपा: फ्लाय पडल्याबरोबर रॉडच्या टोकाने लाइनचं पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवा. आणखी सोपा उपाय म्हणजे एक पाऊल जवळ जाऊन रॉड उंच धरणं, म्हणजे मधल्या धारेवर लाइन टेकतच नाही. लहान नदीत हेच चालतं.

फ्लाय तुमच्याकडे वाहत येताना डाव्या हाताने ढिली लाइन गोळा करत राहा. वरची फ्लाय अडली की रॉड उचला, फक्त उचला. धरणावर रोहूला देतो तसा हिसका दिला तर फाइव्ह-एक्सचा दोरा तुटतो. काही वेळा तो दगडच असतो. तरी उचला, कारण दगड आणि मासा यांतला फरक उचलल्यावरच कळतो.

एका जागी आठ-दहा चांगल्या फेकी, मग दोन पावलं वर. मासा नसलेल्या डोहाशी तास घालवण्यापेक्षा दहा जागा पालथ्या घाला.

मासा सोडणं

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून सपाट करा. झुंज लांबवू नका. जाळी पाण्यातच ठेवा, हात आधी ओले करा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. गळ चिमट्याने उलटा फिरवला की सुटतो. खोल गेला असेल तर दोरा कापून टाका. फोटो हवा असेल तर आधी मोबाइल तयार, मग मासा वर, आणि तुम्ही श्वास रोखून धरा. तुम्हाला गुदमरायला लागण्याआधी तो पाण्यात गेलेला हवा.

मग त्याला दोन्ही तळव्यांत सैल धरा, तोंड प्रवाहाकडे, संथ पाण्यात. कल्ले उघडझाप करत असतात. आधी तो तळव्यावर नुसता टेकलेला असतो. मग शेपटीत थोडा जोर येतो, एकदा, परत एकदा, आणि मग तळहाताला ढकलून तो निघून जातो. तीर्थनचा मासा बहुतेक वेळा वीत-दीड वीतच असतो. तळहातावरचा तो धक्का मात्र लहान नसतो.

वरच्या ओढ्यांवर

गुशैणीला फलाचन ओढा तीर्थनला मिळतो. मुख्य नदी चढली की अशा ओढ्यांवर चालत वर जा. वाट सोपी नसते, पण तासभर चाललात की माणसं विरळ होतात. इथे फेक तीन-चार मीटरची, प्रत्येक धोंड्यामागच्या खळग्यात दोन-तीन वेळा, आणि पुढे. मासा लहान पण भुकेला, फ्लायबद्दल फारसा चोखंदळ नाही. नव्या माणसाला पहिला मासा इथेच मिळतो. काठावरच्या बिच्छू बूटीपासून हात जपा, पान नुसतं घासलं तरी तासभर आग होते. एकट्याने जाऊ नका, आणि होमस्टेवर किती वाजता परत येणार ते सांगून जा.

धोका

८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ ब्यास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. तीर्थन याच लारजीपाशी ब्यासच्या पाण्याला मिळते. धरणाच्या खालच्या पात्रात, पाणी कितीही शांत दिसलं तरी, उतरू नका. वर धरण नसलेल्या तीर्थनमध्येही डोंगरावर पाऊस झाला की पाणी मिनिटांत चढतं. २०२३ च्या जुलैमध्ये कुल्लूच्या नद्यांनी रस्ते आणि पूल नेले.

काठावर आल्याबरोबर पाण्याच्या रेषेवर एक पांढरा दगड ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी बघा. दगड बुडाला तर बाहेर. काड्या आणि पाला वाहत यायला लागला, पाण्याचा रंग बदलला, किंवा नदीचा आवाज जड झाला, तरी बाहेर, आणि परतीचा काठ ज्या बाजूला आहे त्याच बाजूला. सकाळी सहज ओलांडलेली नदी दुपारी ओलांडता येत नाही, म्हणून रस्त्याच्या बाजूलाच राहून मासेमारी करा. पाणी मांडीच्या वर जाऊ देऊ नका. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवा, रॉडमधलं ग्राफाइट वीज वाहून नेतं.

संध्याकाळी

एका वहीत तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, मासा कुठे लागला आणि कुठल्या फ्लायला, एवढं लिहा. तिसऱ्या वर्षी ही वही कुठल्याही वाटाड्याइतकी बोलायला लागते. फ्लाय डबीत भरण्याआधी वाळवा, नाहीतर गळ गंजतात. आणि इथून बरोटला उहल नदीवर जाणार असाल तर बूट, मोजे आणि जाळी धुऊन उन्हात पूर्ण कोरडी होऊ द्या, म्हणजे या नदीतलं शेवाळ आणि रोग त्या नदीत जाणार नाहीत. बुटांना दोन दिवस लागतात, तेवढे दिवस प्रवासात धरूनच आखणी करा.